गावडेमामांची चिमूट

गावडेमामांवर लिहायला बसलो आहे, याची आधीच माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलेलं नव्हतं. वडील अंधेरीच्या एका सिनेमा स्टुडिओत सुतार. खोट्या भिंती आणि कुठेच न जाणारे जिने उभे करणं हा त्यांचा धंदा. लिहिणं आमच्याकडे गावच्या पत्रापुरतंच. आणि लिहिता आलं असतं तरी गावडेमामांवर लिहिण्याचा हक्क सगळ्यांत कमी कुणाला असेल तर तो मला. तो का, हे पुढे येईलच. ते गाळून नुसतं त्यांच्या गुणांचं वर्णन केलं तर तो दुसरा खोटेपणा होईल. एक मी केलेलाच आहे.

मामा म्हटलं की मला आधी त्यांचा उजवा हात दिसतो. अंधेरीतल्याच आमच्या चाळीपासून पाच मिनिटांवर एक पिठाची गिरणी होती, तिथे ते चक्की चालवत. पीठ डब्यात पडू लागलं की ते डोळे मिटून हात पुढे करत, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये थोडं ऊन पीठ धरत आणि सावकाश घोळवत. मग ती चिमूट नाकाशी नेत. एवढ्यात त्यांना सगळं समजे. दळण जाड पडतंय की बारीक, गहू नीट वाळले होते की नाहीत, गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायची वेळ झाली का. डोळे उघडून ते दगडांमधलं अंतर केसभर कमी-जास्त करत, की पुन्हा डोळे मिटत. कुणी नवखं बघत राहिलं तर अंगठा दाखवून म्हणत, "माझो डोळो हंय आसा."

ते मालवणकडचे. बायको, मुलं गावी. मुंबईत वीस वर्षं काढूनही बोलणं गावचंच राहिलं होतं. गिरणीच्या मागच्या खोलीत एकटे राहायचे. सकाळी अंघोळीनंतर काळे असलेले केस दुपारपर्यंत पिठानं पांढरे व्हायचे. भुवयासुद्धा.

माझी त्यांची पहिली भेट म्हणजे त्यांनी मला परत पाठवलं ती. कॉलेजात नाव घातल्याला आठवडा झाला होता. आईनं बाजरीचा डबा डोक्यावर दिला आणि सगळी दळून आण म्हणाली. मामांनी झाकण काढून आत पाहिलं.

"घरात माणसां किती?"

"पाच."

"मगे ही बाजरी महिन्याची. मी आठ दिवसांची दळतंय. उरलेली परत ने."

"पण आईनं सगळी सांगितलीय."

"आईक सांग, गावडे नाय म्हणता. बाजरीचा पीठ म्हणजे काय लोणचा? मुरत ठेवूचा?"

मागे उभ्या असलेल्या बायका हसल्या. त्यांतली एक म्हणाली, "अहो गावडे, पोराला कशाला हेलपाटे घालायला लावता? दळून टाका की!"

"तुमीच दळा, वहिनी. माझ्याकडे एक जुना जाता आसा, देतंय उचलून."

मी पाऊण डबा बाजरी तशीच परत घेऊन आलो. आई चिडली, पण पुढल्या महिन्यात ती स्वतःच म्हणाली की भाकरी कडू लागत नाही हल्ली. अशा रीतीनं दर आठवड्याला माझी गिरणीत खेप सुरू झाली आणि मला "कॉलेजवाल्या" हे नाव मिळालं.

ग्राहकाचं पीठ म्हणजे मामांना सोवळ्यातली गोष्ट. दळण संपलं की दगडांच्या मध्ये थोडं पीठ अडकून राहतं. बहुतेक गिरण्यांत ते तसंच पुढच्याच्या डब्यात जातं, नाहीतर गिरणीवाल्याच्या पोळीत. मामा मात्र चक्की थांबवून लाकडी ठोकळ्यानं टक टक करत ते पाडायचे आणि ज्याचं त्याच्या डब्यात घालायचे. मागची रांग कुरकुरली की म्हणायचे, "थांबा गे, तेंचा पीठ तेंका जाऊंदे. तुमचा तुमका मिळतला."

दुसऱ्या वर्षी रसायनशास्त्राच्या तासाला आमच्या प्रोफेसरांनी तेलं आणि चरबी का खवट होतात ते शिकवलं. मला राहवेना. तास संपल्यावर घरी न जाता थेट गिरणीत गेलो.

"मामा, पीठ खवट का होतं, माहीत आहे?"

"होय. ठेवल्यान म्हणान."

"तसं नव्हे. धान्यात थोडं तेल असतं. हवेतला ऑक्सिजन त्या तेलाला लागतो आणि तेल नासतं. पण गव्हाच्या दाण्याच्या टोकाशी बारीक कोंब असतो ना, त्यात एक द्रव्य असतं, ई जीवनसत्त्व म्हणतात त्याला. ते तेलाच्या आधी स्वतः पुढे होतं. ऑक्सिजनचा मार आपल्या अंगावर घेतं. म्हणून तेल काही दिवस तरी टिकतं."

मामांनी पट्टा उतरवला. चक्की थांबली. माझ्या बोलण्यासाठी चक्की थांबवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. घरी मी असलं काही बोलू लागलो तर वडील कौतुकानं ऐकत, पण हातातली करवत थांबत नसे.

"म्हणजे राखणदार," मामा म्हणाले.

"हो, राखणदारच."

"मगे तो राखणदार मरता कधी?"

वहीत ते नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रोफेसरांना विचारलं. ते म्हणाले, प्रश्न चांगला आहे. मार घेता घेता ते द्रव्य संपत जातं आणि ते संपलं की तेल उघडं पडतं. प्रश्न माझा नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. मामांना उत्तर सांगितलं तेव्हा ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघ! म्हणान मी आठ दिवस म्हणतंय! माझ्या नाकाक म्हायत होता, फक्त नाव नव्हता."

त्यानंतर महिनाभर ते येईल त्याला सांगत होते. "पिठात राखणदार आसा, वहिनी. तो आठ दिवस जागता, मगे निजता. ह्यो कॉलेजवालो शिकान इलो हा, विचारा तेका." बायका माझ्याकडे बघत आणि मी मान हलवत असे. माझ्या शिकण्याचा कुणाला तरी उपयोग आहे असं मला आयुष्यात प्रथम वाटलं ते त्या गिरणीत. हे मी स्वतःच्या बचावासाठी लिहीत नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ इथेच आहे.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मामांची बोटं सुजू लागली. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नसे. सांधे लाल, हात लावला तर गरम. मोठ्या इस्पितळात दाखवून आले तेव्हा त्यांच्याजवळ इंग्रजीत लिहिलेला एक कागद, गोळ्यांची पुडी आणि दोन लाकडी फळ्या होत्या. कागद त्यांनी मला वाचायला दिला. सांध्यांचा दाह आहे, गोळ्या रोज घ्यायच्या, झोपताना बोटं फळ्यांना सरळ बांधायची, हातांना विश्रांती द्यायची आणि दर मंगळवारी दाखवायला यायचं. बोटं एकदा वाकली की परत सरळ होत नाहीत, म्हणून मंगळवार चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी तोंडीही बजावलं होतं.

पाच-सहा मंगळवार मामा गेले. प्रत्येक मंगळवारी गिरणी अर्धा दिवस बंद. सूज थोडी उतरायची, पुन्हा चढायची. गिरणीचे मालक शेठ कुरकुर करायला लागले होते.

त्याच सुमाराला मला कॉलेजच्या वाचनालयात एक जाड इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यात ई जीवनसत्त्वावर एक प्रकरण होतं. शरीरातल्या पेशींच्या आवरणातही स्निग्ध द्रव्य असतं. ते नासण्याची रीत आणि तेल खवट होण्याची रीत यांत साम्य दिसतं. ज्या उंदरांना हे जीवनसत्त्व मिळालं नाही त्यांच्या रक्तातल्या पेशी लवकर फुटल्या. दाह झालेल्या जागीही असंच काही होत असेल, पण ते अजून सिद्ध व्हायचं आहे. इतकंच होतं. मी ते पान तीनदा वाचलं आणि प्रत्येक वाचनात "सिद्ध व्हायचं आहे" हे मला कमी कमी दिसत गेलं.

गिरणीत गेलो तेव्हा मामा हातात केरसुणी घेऊन पोत्यांच्या मागे उंदीर शोधत होते. उंदीर हा त्यांचा एकमेव वैरी. "माणसाचा अन्न खाता तो खाता, वर मुतान जाता मेलो," असं म्हणत घामाघूम होऊन ते पोत्यावर बसले. मी म्हणालो,

"मामा, तुम्ही गव्हाचा कोंब खायला लागा."

"कित्याक?"

"तोच राखणदार. आपल्या अंगातल्या पेशींनाही तेलाचं पातळ कवच असतं. सूज येते तिथे ते नासतं. पिठासारखंच."

मामांनी दोन्ही हात समोर धरले. "म्हणजे माझी बोटां खवट झाली हत."

"तसंच काहीसं."

"पुस्तकात आसा ह्या?"

"आहे."

"कोणाच्या हातार बघितल्यांनी?"

आत्ताच केरसुणी घेऊन ते ज्याच्या मागे धावत होते त्याचं नाव घ्यायची मला लाज वाटली. मामा हसतील, आणि माझं सगळं पुस्तक त्या हसण्यात उडून जाईल, अशी भीती वाटली. मी म्हणालो, "माणसांच्या."

त्यांनी केरसुणी कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाले, "मगे मंगळवारचा काय? जाऊ की नको?"

इथे मी काय विचार केला तो जसाच्या तसा लिहितो. प्रयोगशाळेत आम्हांला शिकवलं होतं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशानं पडला ते कळत नाही. गोळ्याही चालू आणि कोंबही चालू, तर गुण कुणाचा म्हणायचा? मी एका माणसाच्या हाताचा विचार परीक्षानळीसारखा केला आणि म्हणालो, "महिनाभर नुसता कोंब खाऊन बघा. मग ठरवू."

"तू वाचतंस, तां खरां," मामा म्हणाले.

कोंब वेगळा कसा काढायचा हे पुस्तकात नव्हतं. ते मामांनी शोधलं. दगड जरा दूर करून गहू जाडसर भरडायचे. दाणा फुटतो, पण कोंब तेलकट असल्यामुळे फुटत नाही, चपटा होतो. मग चाळायचं आणि चाळणीत राहिलेले पिवळे चपटे कण वेचायचे. गहू अर्थात स्वतःच्या रेशनचे. ग्राहकाच्या डब्याला त्यांनी हात लावला नाही. रोज दुपारी तासभर ते ताटलीत मान घालून, त्या सुजलेल्या बोटांनी एकेक कण उचलत बसत. फळ्या बांधून वेचता येत नाही म्हणून फळ्या सुटल्या. वेचण्यानं बोटं ठणकत, त्यामुळे झोपतानाही फळ्या नकोशा झाल्या. एकदा मी दुपारी गेलो तर मूठभर कण दाखवून म्हणाले, "बघ, आजचे राखणदार. सगळे हजर."

मी हसलो. तिथे बसून त्यांना वेचू लागावं, एवढंही मला सुचलं नाही.

महिना झाला तेव्हा माझी सहामाही आली. मग प्रॅक्टिकल. आईनं दळणाला धाकट्या बहिणीला पाठवायला सुरुवात केली. मामांचा निरोप यायचा, "कॉलेजवाल्याक सांग, चालू आसा." मला वाटायचं, चालू आहे म्हणजे बरं आहे.

दिवाळीच्या आधी गिरणीत चकलीच्या भाजणीची गर्दी असते. त्या गर्दीत शेजारच्या काकू आमच्या दारात येऊन आईला सांगू लागल्या, "अहो, गावडेंनी भाजणी जाड दळली. चकल्या तेलात फुटल्या सगळ्या. गावडेंनी, म्हणजे बघा!" आई म्हणाली, शक्यच नाही. मी चप्पल घालून निघालो.

मामांनी मला पाहिलं आणि हात पुढे केला. बोटं करंगळीच्या बाजूला झुकली होती. तर्जनी मधल्या पेरात वाकून राहिली होती. त्यांनी अंगठा तिच्याजवळ आणला. दोघांमध्ये गव्हाचा दाणा जाईल एवढी फट राहिली.

"चिमूट मिटत नाय रे," ते म्हणाले. "पीठ हातात येताच नाय. अंदाजान दळतंय."

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना इस्पितळात घेऊन गेलो. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "इतके महिने कुठे होतात?" मामा म्हणाले, "गिरणीत गर्दी होती, डाक्टर." आधी आला असतात तर बहुतेक इथवर आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा गोळ्या दिल्या. सूज उतरली. बोटं वाकलेलीच राहिली.

परत येताना रस्त्यात मी सांगायला हवं होतं. ते उंदीर होते, मामा. मी खोटं बोललो. वाक्य तयार होतं, मी ते मनात दहा वेळा जुळवलं. तेवढ्यात मामाच माझी समजूत घालू लागले. "तोंड पाडू नको. तुझो कोंब होतो म्हणान एवढ्यार निभावला. नायतर हात गेलोच असतो." हे ऐकल्यावर तर मी बोलायलाच हवं होतं. पण त्यांचा विश्वास इतका शाबूत होता की तो मोडायचं धैर्य मला झालं नाही. खरं सांगायचं तर मला त्या विश्वासाचा आधार वाटला.

संक्रांतीनंतर शेठनी दुसरा माणूस ठेवला. मामा गावी जायला निघाले. त्यांची ट्रंक मी बसपर्यंत नेली. बस यायच्या आधी त्यांनी खिशातून कापडाची लहान पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. नव्या गिरणीवाल्याच्या परवानगीनं आदल्या दिवशी शेवटचे गहू भरडले होते. त्या हातांनी वेचायला किती वेळ लागला असेल, कुणास ठाऊक.

"परीक्षेक बसशीत तेव्हा खा. डोक्याक पण बरा असतला."

तो कोंब मी खाल्ला नाही आणि पुरचुंडी टाकलीही नाही. पुस्तकांच्या पेटीत ठेवली. पावसाळ्यात कधी तरी पेटी उघडली तेव्हा खवट वास आला. राखणदार संपला होता.

पुढे मी बी. एस्सी. झालो. आता अंधेरीतच औषधांच्या एका कारखान्यात तपासनीस आहे. कामाच्या निमित्तानं ई जीवनसत्त्वावर बरंच वाचलं. ते पेशींमधल्या तेलाची राखण करतं, हे खरंच आहे, आणि दाहाशी त्याचा संबंध काय यावर अजून लोक शोध घेत आहेत. मी मामांना सांगितलेली गोष्ट सबंध खोटी नव्हती. मात्र पुस्तकातल्या त्या पानापासून मामांच्या बोटांपर्यंतचा रस्ता अजून कुणी चाललेलं नव्हतं, आणि मी म्हणालो होतो की लोक चालून आले आहेत. मी त्यांना तीन पत्रं लिहायला घेतली. तिन्हींत ख्यालीखुशाली लिहून झाली की उंदरांपाशी येऊन पेन थांबे. एकही टाकलं नाही.

गेल्या महिन्यात कारखान्याच्या दारावर एक तरुण मला शोधत आला. विठ्ठल नाव; गावडेमामांच्या बहिणीचा मुलगा, काम शोधायला मुंबईला आलेला. गिरणीत विचारत विचारत माझ्यापर्यंत पोचला होता. मी त्याला बाकावर बसवलं आणि मामा कसे आहेत म्हणून विचारलं.

"मामा गेले, साहेब. शिमग्याच्या नंतर. ताप आला, चार दिवसांत गेले. तुम्हांला कळवायचं होतं, पण पत्ता नव्हता."

विठ्ठल पुढे म्हणाला, "तुमचं नाव रोज असायचं. कोंब शेवटपर्यंत खाल्ला त्यांनी. आमच्याकडे गहू पिकत नाही, बाजारातून मुद्दाम आणायचे. हातानं वेचता येईना तेव्हा मामी वेचून द्यायची. वाडीत कुणाचं काही सुजलं, दुखलं की मामा सांगायचे, कोंब खा, आमच्या कॉलेजवाल्यानं सांगितलंय, माणसांवर बघितलेलं आहे. आता चार-पाच घरांत घेतात."

"आणि दवाखाना?" मी विचारलं.

"तालुक्याला आहे ना. माझ्या आईचे गुडघे सुजलेत, तिथला डॉक्टर दर आठवड्याला बोलावत होता. पण तिनं ते सोडलं. भाऊ खोटं सांगायचा नाही, म्हणते." त्यानं खिशातून घडी केलेला एक कागद काढला, विसरू नये म्हणून लिहून आणलेला. "निघताना तिनं मला बजावलंय, अंधेरीला जातोस तर त्यांना भेट, आणि एवढं विचारून कळव. रोज मूठभर कोंब पुरे, की आणखी वाढवू?"